भारत आणि मॉरिशस : नाते व हिशेब

राष्ट्राराष्ट्रांतील मैत्री नात्यावर टिकते की न्यायावर? भारत व मॉरिशस यांचे उदाहरण आपण पाहू.

१८३४ पासून भारतीय मजूर करारबद्ध होऊन तेथील उसाच्या मळ्यांत गेले. त्यांत मराठी भाषकही होते. आफ्रिकी, चिनी व युरोपीय वंशीयांसह त्यांच्या वंशजांचा तो देश १९६८ साली स्वतंत्र झाला.

१९८३ च्या करविषयक करारामुळे मॉरिशसमार्गे भारतात भांडवल गुंतविणाऱ्यांस शेअरविक्रीच्या नफ्यावर बहुधा कोठेच कर पडत नसे. मॉरिशसला व्यवसाय लाभला. भारताचा महसूल मात्र बुडाला. २०१६ साली उभय देशांनी विचारविनिमयाने ती अट बदलली. मैत्री तुटली नाही. उलट २०२१ साली नवा व्यापारकरार अमलात आला.

विद्यार्थिमित्रहो, पूर्वजांनी जोडलेले नाते टिकवावयाचे तर हिशेबही चोख ठेवावा लागतो, हा धडा आपण यातून घ्यावा.