स्ट्रॅटेजी गेमसाठीचा माऊस: खोक्यावरचे आकडे आणि टेबलावरची परीक्षा

थँक्सगिव्हिंगचा सेल जवळ आला की गेमिंग माऊसच्या जाहिराती सुरू होतात आणि घरातली मुलं मागे लागतात. खोक्यावर मोठाले आकडे असतात, १६००० डीपीआय, १००० हर्ट्झ वगैरे, आणि किंमत साध्या माऊसच्या कितीतरी पट. 'एज ऑफ एम्पायर्स' किंवा 'स्टारक्राफ्ट'सारख्या स्ट्रॅटेजी गेममध्ये या आकड्यांचा खरंच फायदा होतो का? एक पट्टी, एक स्टॉपवॉच आणि एक मदतनीस मिळाला, तर हे तुम्ही घरीच तपासू शकता. माऊस परत करण्याची मुदत संपायच्या आत तपासलंत तर उत्तम!

माऊसच्या पोटात काय असतं?

आजचा माऊस म्हणजे एक छोटा कॅमेराच. तो टेबलाच्या पृष्ठभागावर प्रकाश टाकून सेकंदाला हजारो फोटो काढतो. एका फोटोतले खडबडीत ठिपके पुढच्या फोटोत किती सरकले, यावरून हात किती हलला हे तो ठरवतो. गुळगुळीत पारदर्शक काचेवर असे ठिपके दिसत नाहीत, म्हणून तिथे बरेच माऊस गडबडतात.

डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो किती पावलं मोजतो. हर्ट्झचा आकडा सांगतो, की तो संगणकाला सेकंदातून किती वेळा खबर देतो.

परीक्षा १: डीपीआय खरा आहे का?

विंडोजमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' बंद करा आणि कर्सरचा वेग मधोमध ठेवा. माऊस ८०० डीपीआयवर लावा. आता कर्सर पडद्याच्या डाव्या कडेला नेऊन, माऊस पट्टीलगत सरळ सरकवत उजव्या कडेपर्यंत आणा. पडदा १९२० पिक्सेल रुंद असेल तर १९२० ÷ ८०० = २.४ इंच, म्हणजे सुमारे ६.१ सेंमी अंतर लागायला हवं. ६.४ सेंमी लागलं, तर खरा डीपीआय ७६० च्या आसपास आहे.

आता हेच गणित १६००० डीपीआयसाठी करा. अख्खा पडदा ३ मिलिमीटरमध्ये पार होतो! हात मिलिमीटरचा दहावा हिस्सा हलला तरी कर्सर ६३ पिक्सेल उडतो. एवढ्या अंतरात एखादा सैनिक हुकणारच.

डीपीआय वाढवला की वेग का वाढत नाही?

पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला. एखाद्या लक्ष्यापर्यंत हात न्यायला लागणारा वेळ अंतर आणि लक्ष्याची रुंदी यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो. दुप्पट अंतराला रुंदीने भागायचं आणि त्याचा २ या पायावरचा लॉगरिदम घ्यायचा, ही त्या हालचालीची अवघडता. १०२४ पिक्सेल लांब असलेलं ६४ पिक्सेलचं लक्ष्य घ्या: २०४८ ÷ ६४ = ३२, म्हणजे अवघडता ५. अंतर निम्मं केलं तर ती ४ होते.

आता डीपीआय दुप्पट करा. हाताला कापावं लागणारं अंतर निम्मं होतं, पण हाताच्या हिशेबाने लक्ष्याची रुंदीही निम्मी होते. गुणोत्तर तेच! म्हणून मधल्या पट्ट्यात डीपीआय बदलून वेळेत फारसा फरक पडत नाही. फार कमी ठेवला तर माऊस वारंवार उचलावा लागतो, फार जास्त ठेवला तर नेम चुकतो.

परीक्षा २: १००० हर्ट्झ जाणवतात का?

साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा खबर देतो, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी. १००० हर्ट्झचा माऊस दर १ मिलिसेकंदाने. सरासरी फरक साडेतीन मिलिसेकंदांचा. ६० हर्ट्झचा पडदा मात्र दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलतो, आणि डोळ्यांनी पाहून बोट दाबायला आपल्याला साधारण २०० मिलिसेकंद लागतात.

तरी फरक जाणवतो असं वाटत असेल, तर मदतनीसाला नाणं उडवून १२५ किंवा १००० लावायला सांगा. तुम्ही न बघता ओळखा. असं दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने पाच-सहा बरोबर येतीलच. नऊ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे जेमतेम १ टक्का. नऊ आले तर तुमचा दावा मानायला हरकत नाही.

परीक्षा ३: बाजूची बटणं

स्ट्रॅटेजी गेममध्ये खरा वेळ जातो तो ये-जा करण्यात. सैन्यावरून कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर, तिथून पुन्हा सैन्यावर. लक्ष्य लहान आणि लांब, म्हणजे फिट्सच्या नियमाने सर्वांत अवघड. बाजूच्या एका बटणावर 'मुख्य तळाकडे जा' ही आज्ञा बसवली, तर तो प्रवासच वाचतो.

मोजून बघा. नकाशावर क्लिक करून तळाकडे वीस फेऱ्या, मग बटणाने वीस, पुन्हा बटणाने वीस, आणि शेवटी नकाशाने वीस. हा उलटसुलट क्रम महत्त्वाचा आहे, नाहीतर सरावाचा फायदा नंतरच्या पद्धतीला मिळतो.

'स्टारक्राफ्ट २' साठी रेझर कंपनीने २०१० मध्ये जाहीर केलेल्या 'स्पेक्टर' माऊसला पाचच बटणं आणि ५६०० डीपीआय होते. खेळाडू मिनिटाला किती कृती करतो, हे दाखवणारा दिवाही त्यात होता. व्यावसायिक खेळाडूंचा हा आकडा ३०० च्या घरात जातो. म्हणजे सेकंदाला पाच कृती!

परीक्षा ४: हात काय म्हणतो?

सैन्य निवडताना बटण दाबून ठेवून चौकोन ओढावा लागतो. बोट ताणलेलं असताना मनगट हलवायचं, म्हणून ओढणं हे नुसत्या नेम धरण्यापेक्षा संथ आणि चुकीला सोपं असतं. असे पन्नास चौकोन ओढा. बोट किंवा मनगट दुखू लागलं, तर बटण तुमच्यासाठी जड आहे किंवा माऊसचा आकार हाताला बसत नाही. असा माऊस परत करा, बाकी आकडे कितीही मोठे असोत.

थोडक्यात, हाताला बसणारा आकार, हलकी बटणं आणि अंगठ्याखाली दोन जादा बटणं एवढं आधी बघा. डीपीआय ८०० ते १६०० च्या दरम्यान ठेवून सुरुवात करा. या तिन्ही गोष्टी स्वस्त माऊसमध्ये मिळाल्या, तर महागाच्या मागे लागायची गरज नाही. आणि हो, परीक्षेचे आकडे मुलांनाच वहीत लिहू द्या. हट्टाचं रूपांतर प्रयोगात होतं!