गुळाचा खडा

॥ श्री ॥

बारामती,
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. बाळू यास,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

काल गावाकडून फोन आला. कुणाचा ते विचारू नकोस. लासुर्ण्याची बातमी एसटीच्या आधी बारामतीला पोचते. दुकानात भर गिऱ्हाइकांत तू तात्यांना म्हणालास, ‘डोकं मी चालवतो, तुम्ही पुड्या बांधा.’ तात्यांनी हातातली पुडी बांधून दिली, गोदामाची किल्ली गल्ल्यावर ठेवली आणि घरी गेले. तीन दिवस झाले, आले नाहीत म्हणे. खरं आहे का हे?

खोटं असेल तर पत्र फाडून टाक. खरं असेल तर बसून वाच.

तात्या म्हणाले काय होते? भवानीनगरच्या कारखान्याचं गळीत सुरू होईल, ऊसतोडीच्या टोळ्या उतरतील, तर दुकानाबाहेर मोबाइल चार्जिंगचा एक बोर्ड लावू. तुला लाइटबिल दिसलं. अरे, तात्या स्वतः पोरवयात बीडकडून टोळीबरोबर आले आणि आपल्याकडंच कामाला राहिले. तोडकऱ्यांच्या कोपीत लाइट नसते हे त्यांना कुणी सांगायला नको. पहाटे फडात गेलेली बाई अंधार पडल्यावर परतते. गावी आजीपाशी ठेवलेल्या लेकराचा आवाज ऐकायला तिच्याकडं तो एक फोनच असतो. उचल हंगामाआधीच खर्चून गेलेली, हातात आठवड्याची खर्ची. ती तेलाचा डबा घेत नाही. पावशेर तेल, मिठाची पुडी, बिस्किटाचा पुडा घेते. जिचा फोन आपल्या दारात लागलाय, ती मिठासाठी दुसरं दुकान शोधेल का?

तुझा कॉम्प्युटर विकलं गेलेलं सांगतो. काय नाही म्हणून गिऱ्हाईक परत गेलं, ते काट्यापाशी उभ्या माणसालाच ठाऊक असतं. आणि त्यालाच तू म्हणालास, डोकं मी चालवतो!

तुकोबांची पालखी बेलवाडीचं रिंगण करून आपल्या दारावरून जाते, त्या दिवशी बाहेर टेबल मांडून सेफ्टी पिना, बाम, स्लिपरचे पट्टे ठेवायचं कुणाला सुचलं होतं? तुझ्या बापाला, माझ्या दादाला नव्हे. पण दादा दरवर्षी गिऱ्हाइकांना सांगायचा, ‘ही तात्यांची अक्कल.’ तू तेव्हा टेबलाखाली खेळत होतास.

मागं जावईबापू सांगत होते, वॉलमार्टच्या दारात येणाऱ्याचं स्वागत करायला माणूस असायचा, त्याची सुरुवात 1980 साली अमेरिकेतल्या क्राउली नावाच्या लहान गावात झाली. दुकानात चोऱ्या व्हायच्या, म्हणून तिथल्या मॅनेजरनं एका वयस्क माणसाला दारात उभं केलं. सज्जनाला आपुलकी वाटे, चोराला धाक. मालक सॅम वॉल्टन यांनी ते पाहिलं आणि दुकानोदुकानी लावलं. एवढा मोठा मालक, पण ‘तुम्ही पुड्या बांधा’ म्हणाला नाही.

आता एक सांगते, ते दादालाही कधी सांगितलं नव्हतं. मी नववीत होते, सुट्टीत गल्ल्यावर बसायचे. एकट्यानं सामान न्यायला आलेल्या पोराच्या हातावर तात्या गुळाचा खडा ठेवायचे. मी हिशेबात हुशार! महिन्याचा गूळ मोजला आणि तुझ्या आजोबांना, आबांना सांगितलं. आबांनी तात्यांना चारचौघांत झापलं. गूळ बंद झाला. पोरं समोरच्या दुकानात जायला लागली, आणि मागोमाग त्यांच्या घरची चहा-साखरही तिकडंच गेली. तात्या मला एका शब्दानं बोलले नाहीत. माझ्या लग्नात गुळाची अख्खी ढेप घेऊन आले. मी मात्र आजवर त्यांची माफी मागितलेली नाही. म्हणून कालपासून घास गोड लागत नाही.

रोज रात्री शटर ओढायच्या आधी विचारत जा, आज काय नव्हतं म्हणून कोण परत गेलं? बिलावर बसणाऱ्या त्या पोरीलाही विचार. ती हल्ली बोलेनाशी झालीय म्हणे. सुचवलेलं महिनाभर करून बघ. जमलं तर ज्याचं त्याचं नाव घे, फसलं तर तोटा तुझा. नाही म्हणायचं असेल तर कारण सांग. डोकं सगळ्यांना असतं रे बाळू.

फार बोलले का? फर्निचरचं कर्ज, एकट्याच्या खांद्यावर दुकान आणि दादा जाऊन अजून वर्षही नाही. तू तात्यांवर नाही, हप्त्यावर ओरडलास, हे कळतं मला. दादाही घाबरला की असाच करवादायचा. रात्री जेवतोस ना? आईशी दोन शब्द बोलत जा.

आज संध्याकाळी तात्यांकडं जा. काही बोलायला सुचलं नाही तर नुसता त्यांच्या ओट्यावर बस. चहा ते आपणहून देतील. पुढच्या रविवारी मीही येते. मला घ्यायला तुम्ही दोघं स्टँडवर या. माझंही त्यांच्याशी जुनं काम राहिलंय.

तुझी,
आत्या