सफरचंदाच्या खपली रोगावर पाळत

सफरचंदाचा खपली रोग, म्हणजेच स्कॅब, एका कवकामुळे होतो. त्याची मोठी साथ 1973 साली काश्मीरमध्ये व 1983 साली हिमाचल प्रदेशात आली. फळांवर काळपट खपल्या धरल्याने बागायतदारांचे वर्षाचे उत्पन्न बुडाले.

हे कवक गळून पडलेल्या पानांत हिवाळा काढते. वसंतात पावसाने ही पाने भिजली की त्यांतून बीजाणू हवेत उडतात व कोवळ्या पालवीवर पडतात. मात्र पालवी पुरेसा वेळ ओली राहिली तरच ते रुजतात. तापमान 18 ते 24 अंश सेल्सियस असल्यास सुमारे 9 तासांचा ओलावा पुरतो. थंडीत अधिक तास लागतात. अमेरिकेतील मिल्स यांनी 1944 साली या संबंधाचे कोष्टक प्रसिद्ध केले.

पानांवर डाग दिसू लागतात ते संसर्गानंतर आठवडा-दोन आठवड्यांनी. तोपर्यंत प्रतिबंधक फवारणीची वेळ टळलेली असते. म्हणून पाऊस, तापमान आणि पाने किती तास ओली राहिली, यांची दररोज नोंद ठेवणे अगत्याचे ठरते. त्याचबरोबर शरद ऋतूत पानगळीपूर्वी 5 टक्के युरियाची फवारणी केल्यास गळालेली पाने लवकर कुजतात आणि पुढील वसंतातील बीजाणूंची संख्या घटते.