खडशीची पिल्लं वाढवताना

पोरांनो, खडशी म्हणजे आपला महाशीर. तो वाढवायचा तर आधी हाताला आवर घालायला शिका. रोहू-कटल्याची सवय इथं उपयोगाची नाही. त्यांची अंडी पाण्याबरोबर फिरतात. खडशीचं अंडं जड, पिवळसर, तळाशी बसणारं. ट्रेमध्ये एकाच थरात पसरा आणि थंड, स्वच्छ पाण्याची बारीक धार अखंड ठेवा. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात 1970च्या दशकापासून हा मासा पैदा होतोय. जमलं तर एकदा जाऊन बघा. पांढरं पडलेलं अंडं दिसलं की तेव्हाच उचला. त्याला बुरशी धरते आणि शेजारची चांगली अंडीही जातात.

तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. नवखा घाबरतो तो इथंच. पोटाला पिवळी पिशवी, आडवी पडलेली, कोपऱ्यात एकमेकांवर गर्दी केलेली, वाटतं, मेली. मेलेली नसतात, त्यांना उजेड सोसत नाही. ट्रे झाकून ठेवा. पोटातली शिदोरी संपत येऊन ती पोहायला लागेपर्यंत, आठवडाभर तरी, काही खायला घालू नका. मग उकडलेल्या अंड्याचा बलक मलमलच्या फडक्यातून गाळून चिमूट-चिमूट द्या आणि उरलेला नळीनं लगेच ओढून काढा. उपाशी मेलेली पिल्लं मी कमी पाहिली, जास्तीच्या खाद्यानं पाणी नासून मेलेली फार.

पिल्लं ट्रेमधून तळ्यात न्यायच्या आधी तळ्यात शेणखत घालून पाण्याला हिरवट रंग येऊ द्या. चतुराच्या अळ्या आणि पाणभुंगे जाळीनं काढा, ते पिल्लं फस्त करतात. पाणी येतं त्या तोंडाला बारीक जाळी हवीच, नाहीतर तिलापिया शिरतो. पिल्लं आणलेली पाण्याची पिशवी अर्धा तास तळ्यात तरंगू द्या, उन्हं उतरल्यावरच पिल्लं सोडा.

नदीत सोडायची ती बोटुकली झाल्यावर, आणि नर-मादी ज्या नदीचे त्याच नदीत. साताऱ्याकडचे कोयना-कृष्णेचे खडकाळ, वाहते डोह निवडा. सांगलीकडं बंधाऱ्याच्या फुगवट्यात उन्हाळ्यात पाणी थांबतं. त्यात कारखान्याचं सांडपाणी मिसळलं की प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून वर येतात.

पण सांगलीच्या रानाला कमी लेखू नका. 2005, 2019 सारखा पूर ओसरला की नदीकाठच्या मळीच्या रानात खोलगट जागी पाणी राहतं, आणि त्यात नदीच्या कितीतरी माशांची पिल्लं असतात. ती डबकी बुजवू नका. आटायला लागली तर पिल्लं बादलीनं नदीत पोचवा. आणि मृगाच्या पावसात ओढ्यानं चढणारी गाभोळीची मादी धरू नका, कुणाला धरूही देऊ नका.