पाण्याचा एक थेंब आधी

आत्याची पर्स मी चार दिवसांत घालवली. त्याआधी ती बेचाळीस वर्षं टिकली होती.

1976 सालच्या डिसेंबरात आत्या तिच्या शाळेतल्या मैत्रिणींबरोबर कलकत्त्याला गेली होती. तिथून त्या पौषमेळ्यासाठी बोलपूरला उतरल्या आणि शांतिनिकेतनात तिने ही पर्स घेतली. आपल्याकडे एका पिढीतल्या कितीतरी शिक्षिका, बँकेत काम करणाऱ्या बायका यांच्या खांद्यावर अशी पर्स असायची. शांतिनिकेतनाजवळचं श्रीनिकेतन 1922 मध्ये सुरू झालं आणि पुढे रथींद्रनाथ आणि प्रतिमादेवी या टागोर दांपत्याच्या पुढाकाराने तिथे चामड्याचं काम रुजलं. ठसा उठवून, हाताने रंगवून केलेल्या या वस्तूंना आता भौगोलिक मानांकनही आहे. आत्याच्या पर्सच्या फ्लॅपवर कमळ होतं. मरून पाकळ्या, हिरवी पानं, मागे मधासारखा तपकिरी रंग, आणि कडेने चामड्याच्याच बारीक वादीची वीण.

2018 च्या पावसाळ्यात आत्याने नाशिकचं घर आवरलं तेव्हा पर्स माझ्याकडे आली. माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली होती. पिशवी उघडली तर आतून कोंदट वास आला, आणि कमळावर पांढरट बुरशी. गौरी दहा दिवसांवर आल्या होत्या. दादरला मामेबहिणीकडे हळदीकुंकवाला ही पर्स घेऊन जायची, असं मी ठरवून टाकलं.

पहिल्या दिवशी मी ती अंगाच्या साबणाने धुतली. स्पंजने भरपूर फेस केला आणि नळाखाली धरून स्वच्छ केली. बुरशी गेली. फ्लॅप मात्र मऊ पडला आणि जिथे पाणी वाळत गेलं तिथे काळपट कड उमटली, चहा सांडलेल्या कागदावर उमटते तशी. लवकर वाळावी म्हणून मी ती आधी गच्चीत उन्हात ठेवली, मग ढग आले म्हणून हेअर ड्रायर लावला. संध्याकाळपर्यंत चामडं पापडासारखं कडक झालं होतं आणि कमळ बोटांना लागेनासं झालं होतं. डोळ्यांना दिसत होतं, पण बोट फिरवलं तर सपाट.

हे का झालं ते मला पुढे कळलं, आणि आधी कळायला हवं होतं. ठसा धरून ठेवणारं चामडं सहसा झाडसालीने कमावलेलं असतं. कुठे तरवडाची साल, कुठे बाभळीची, जोडीला हिरडा. आपल्या कोल्हापुरी चपलेचं चामडंही बाभूळ आणि हिरड्यानेच कमावतात. असं चामडं किंचित ओलं केलं की मातीसारखं वळतं. त्यावर ठसा दाबायचा, ते वाळलं की ठसा राहतो. म्हणजे कमळ उठलं होतं ते पाण्यामुळे, आणि मी तेच पाणी पुन्हा देऊन ते उतरवलं. काळी कड उमटली कारण सालीतला तुरट अंश पाण्यात विरघळतो, पाण्याबरोबर सरकतो आणि पाणी जिथे संपतं तिथे साचतो. चामडं स्वभावाने थोडं आंबट असतं, साबण नेमका उलट, अल्कधर्मी. तो त्याच्या तंतूंना मानवत नाही. आणि ड्रायर? असं चामडं ओलं असताना साधारण 70 ते 85 अंशांपर्यंत तापलं की आक्रसतं. एकदा आक्रसलं की परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी कडकपणा घालवायला खोबरेल तेल चोपडलं. ते सगळीकडे सारखं मुरलं नाही, ढगासारखे काळे डाग पडले. डाग काढायला नेलपॉलिश रिमूव्हर घेतला. कापसाचा बोळा कमळावरून एकदाच फिरला असेल. तो मरून होऊन वर आला, आणि पाकळ्यांचा रंग पानांत उतरून सगळा चिखल झाला.

मला त्या क्षणी थांबता आलं असतं. वाचणाऱ्याने एवढं एकच लक्षात ठेवलं तरी मी लिहिल्याचं सार्थक होईल: पहिली चूक निस्तरण्यासाठी त्याच दिवशी दुसरं काहीही लावू नका. वस्तू जाळीवर ठेवा, पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत, दोन दिवस. चामडं वाळलं की वेगळं दिसतं. पहिल्या दिवशीची ती काळी कडसुद्धा सबंध फ्लॅप किंचित, एकसारखा दमट करून फिकी करता आली असती. मी मात्र तिसऱ्या दिवशी काळा रंग आणला.

दुकानदाराने विचारलं होतं, "लेदर कसलं आहे?" मी म्हटलं, "जुनं आहे." त्याने बाटली दिली. मी एका हातात पूर्ण पर्स काळी केली, वाळली असं वाटलं आणि वापरायला काढली. गौरीच्या दिवशी ठाण्याहून दादरला लोकलने गेले. गर्दी, घाम, आणि खांद्यावरची पर्स मोतिया रंगाच्या चंदेरीवर घासत होती. उतरले तेव्हा कमरेशी हाताएवढा काळा डाग होता. तो तीन ड्रायक्लीननंतरही आहे.

दिवाळीत आत्या आली. तिने पर्स हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली आणि विचारलं, "यावर एक फूल होतं ना गं?"

त्या प्रश्नाने मला हे काम नीट शिकायला लावलं. धारावीत सायन-बांद्रा लिंक रोडला चामड्याची दुकानं आहेत, तिथून उरलेले तुकडे आणले आणि वर्षभर त्यांवर हात बसवला. मग चोरबाजारातल्या स्वस्त, मोडक्या पर्सवर. आजवर चाळीसेक पर्स हाताखालून गेल्या आहेत, त्यातल्या बहुतेक मैत्रिणींच्या आयांच्या. त्या अनुभवातून सांगते.

आधी ती चामड्याची आहे का ते बघा. आतला खिसा किंवा फ्लॅपचं टोक जिथे कापलेली कड दिसते तिथे बघायचं. तंतू दिसले तर चामडं, खाली कापडाची जाळी दिसली तर रेक्झिन किंवा त्याचा आधुनिक भाऊ पीयू. पीयूचा थर आपल्या दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे होऊन सुटतो. त्यावर रंग लावणं म्हणजे पोपडे आलेल्या भिंतीला चुना लावणं. तो खर्च आणि तो वेळ वाचवा.

चामडं असेल तर तळाला, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, पाण्याचा एक थेंब टेकवा आणि मिनिटभर बघत बसा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर वर रंगाचा थर आहे. अशी पर्स जवळजवळ निर्लेप भांड्यासारखी असते, दमट फडक्याने पुसली तरी बिघडत नाही. थेंब शोषला गेला आणि जागा काळी झाली तर चामडं उघडं आहे. त्याला पाणी, तेल, रंग, जे द्याल ते ते पिणार आणि परत देणार नाही. आत्याची पर्स या दुसऱ्या जातीची होती. एक थेंब मला ते सांगू शकला असता.

त्याच कोपऱ्यात कापसाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून टेकवून बघा. काडीवर रंग आला तर बुरशीसाठी स्पिरिट वापरायचा विचार सोडा. बुरशी कोरड्या मऊ ब्रशने झटकायची, घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून. तो ब्रश पुन्हा दुसऱ्या पर्सला लावायचा नाही. मग पर्स उघडी ठेवून हवेत दोन-तीन दिवस. कोंदट वास यानेच बराच जातो, अत्तर किंवा डिओ मारू नका.

लोखंडापासून जपा, हे कुणी सांगत नाही. दमट चामड्यावर मी एकदा स्टीलची नसलेली, साध्या लोखंडाची कात्री दहा मिनिटं विसरले. उचलली तर खाली तिची निळसर काळी आकृती. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस यांची शाई करायचे, तेच इथे घडतं: सालीतला तुरट अंश आणि लोह भेटले की शाई होते. म्हणून ओलं काम करताना गंजका बक्कल, टाचणी, क्लिप काहीही टेकू द्यायचं नाही. पितळेच्या कड्यांभोवती हिरवट मेणासारखं काही साचलेलं दिसतं, ते चामड्यातल्या तेलामुळे येतं. दाताच्या काडीने कोरडंच खरवडा. पितळ घासायची पेस्ट वापरायचीच असेल तर पोस्टकार्डाला चीर पाडून कड्याखाली सरकवा, नाहीतर पेस्ट चामड्यात बसते.

मऊपणासाठी खोबरेल, तिळाचं, ऑलिव्हचं, स्वयंपाकघरातलं कुठलंच तेल नको. कालांतराने खवट वास येतो आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं अन्न मिळतं. चामड्यासाठीचं कंडिशनर मिळतं. ते वाटाण्याएवढं घ्यायचं, आधी फडक्याला चोळायचं, मग पर्सला. चोवीस तास थांबायचं. कमी वाटलं तर पुन्हा तेवढंच. आक्रसून कडक झालेल्या चामड्याला याने थोडा दिलासा मिळतो, पूर्ववत होत नाही, हे मी आत्याच्या पर्सवर बघितलं आहे. आणि चामडं हाताला लाल भुकटी लावत असेल, घासलं की झडत असेल, तर ते आतून संपलं आहे. अशा पर्सला हात लावायचा नाही, फक्त सांभाळायची.

आता रंग. चामड्यात मुरणारा रंग पारदर्शक असतो, मेंदीसारखा. मेंदी काळ्या केसांना तांबूस झाक देते, काळे केस पिवळे करत नाही. तसंच इथे: फिकटावरून गडदाकडे जाता येतं, उलट येता येत नाही. तपकिरीवर निळा घातलात तर निळा मिळणार नाही, मातकट काहीतरी मिळेल. आणि डाग याने झाकला जात नाही. तेल प्यालेली जागा नव्या रंगातही वेगळीच दिसते. थर असलेल्या पर्सवर हा रंग आत जातच नाही, वर चिकट बसतो. तिथे ॲक्रिलिकचा लेदर पेंट लागतो आणि त्याआधी जुन्या थराची चमक अलगद उतरवावी लागते. ॲसिटोन मी आता फक्त याच कामाला वापरते, फडक्याला लावून, एकेका बाजूला, खिडक्या उघड्या आणि गॅस बंद ठेवून.

मुरणारा रंग त्याच्याच पातळ करायच्या द्रावाने निम्मा करा. हातमोजे घाला. शिलाईतून रंग अस्तरावर उतरतो, म्हणून आत कोरे कागद भरा. कड्यांना टेप लावा. एक बाजू घेतली की ती एका दमात पूर्ण करा, मध्ये फोन उचललात तर जिथे थांबलात तिथे रेघ राहते. लोकरीच्या बोळ्याने आधी गोल, मग आडवं. पहिला हात ठिपक्याठिपक्याचा, वाईट दिसतो. घाबरून दाट हात देऊ नका. पूर्ण वाळू द्या, मग दुसरा, लागला तर तिसरा. सुती शिलाई रंग घेते, पॉलिस्टरची घेत नाही, मग काळ्या पर्सवर पिवळा टाका चमकत राहतो. हे आधीच बघून ठेवा.

वाळल्यावर पांढऱ्या सुती फडक्याने घासायचं. फडकं रंगतं. घासत राहायचं, फडकं बदलत, जोवर ते पांढरं राहत नाही तोवर. मला एका पर्सला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. माझ्या चंदेरीवर जे उतरलं ते हेच, चामड्यात न मुरलेलं, वर बसलेलं. त्यानंतर वर लावायचं फिनिश, निम्मं पाणी घालून, दोन पातळ हात. शेवटी दमट पांढऱ्या रुमालाने दहा वेळा जोराने घासून बघा. रुमाल स्वच्छ राहिला तरच ती पर्स साडीजवळ न्यायची.

पण हाताने रंगवलेली शांतिनिकेतनी पर्स, किंवा ज्या जुन्या पर्सवर बनवणाऱ्याची ओळख अजून शाबूत आहे, ती रंगवू नकाच. झिजलेल्या कडा, हात लागून गडद झालेली मूठ, हे सगळं तिचंच आहे. विकायचा विचार असेल तरी घरी रंगवलेल्या पर्सची किंमत उतरते. ती कोरडी झटका, मलमलीच्या फडक्यात किंवा जुन्या सुती साडीत गुंडाळा, आत सुती चिंध्या भरा. वर्तमानपत्र नको, शाई अस्तराला लागते. प्लास्टिक तर नकोच. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बाहेर काढून हवा द्या.

आत्याच्या पर्सची कडेची वीण माझ्या उपद्व्यापात तुटली होती. शेवटी मी ती स्टेशनबाहेर बसणाऱ्या चर्मकार काकांकडे नेली आणि रंगाचंही काही करता येईल का, असं विचारलं. त्यांनी अंगठ्याने फ्लॅप दाबून बघितला, वासही घेतला.

"रंग नको, ताई. आता अजून काही प्यायला घालू नका तिला. वादी बदलून देतो."

त्यांनी रापीने चामड्याची वादी काढली, काडीपेटीतल्या काडीएवढी रुंद, आरीने जुनीच भोकं मोकळी केली आणि तासाभरात तिन्ही कडा विणून दिल्या. जुनी भोकं सोडून एकही नवं पाडलं नाही.

वीण काढताना फ्लॅपची दुमडलेली कड मोकळी झाली, तेव्हा आत पाकळीचं एक टोक दिसलं. तिथे साबण पोचला नव्हता, तेल नव्हतं, काळा रंगही नव्हता. नखाएवढं मरून, 1976 चं. काका ते वादीखाली घेणार होते. मी म्हटलं, तेवढं बाहेर राहू द्या.

आत्याला मी ते दाखवलं. तिने चष्मा पुसून बघितलं.