पोराची वही

आजचा धडा एका मुलाविषयी आहे. असा मुलगा तुमच्या घरी असेल, नाहीतर शेजारी असेल. डोक्यावर उलटी टोपी, अंगात दोन माणसे मावतील एवढा ढगळ टी-शर्ट, गळ्यात साखळी, पायात जाड तळाचे पांढरे बूट. कानात हेडफोनची बोंडे. चालताना मान हलते, ओठ पुटपुटतात. हाक मारावी तर ऐकू जात नाही. असे पोर दिसले की आपण काय म्हणतो? "गेलं हे वाया!"

आम्हीही तेच म्हणत होतो. मग एके दिवशी एक वही आमच्या हातात आली. तिचीच ही हकीकत.

वही वर्गात आली

कुर्ल्याच्या एका वस्तीत आम्ही रात्रीचा साक्षरता वर्ग घेतो. वर्गात एक ताई येतात. चार घरची धुणीभांडी करतात. त्यांचे यजमान रात्रपाळीचे वॉचमन. मुलगा १९ वर्षांचा, मुलगी दहावीत. ताई जोडाक्षरापर्यंत आल्या होत्या.

एका संध्याकाळी त्या वेळेआधीच आल्या. डोळे सुजलेले. पदराखालून त्यांनी एक वही काढली व आमच्यापुढे ठेवली.

"गुरुजी, ह्यात वंगाळ काय लिवलंय ते मला सांगा."

झाले होते असे. मुलाने १,८०० रुपयांचे बूट आणले. त्याच आठवड्यात मुलीच्या क्लासची १,५०० रुपये फी भरायची होती. बाप खवळला. त्याने मुलाची वही उचलली. उघडल्याबरोबर नेमकी एक शिवी दिसली. मग काय विचारता! बापाचा हात उठला. "ही वही गॅसवर धरून जाळतो," असे तो म्हणाला. मुलगा घर सोडून मित्राकडे गेला. दोन रात्री झाल्या, परतला नव्हता. ताईंनी वही तांदळाच्या डब्यात लपवली होती.

"वंगाळ असंल तर मीच जाळते," ताई म्हणाल्या. "नसंल तर त्येच्या बापाला जाळू देणार न्हाई. पन मला वाचता यीना पुरतं. तुमी खरं सांगा."

आम्ही वही चाळली. अर्धी देवनागरीत होती, अर्धी इंग्रजी लिपीत. तीन ठिकाणी शिव्या होत्या. एका पानावर 'माझ्या कमरेला बंदूक' अशी बढाई होती. आणि चार पानांवर नळ, पाण्याची रांग, बापाची रात्रपाळी आणि आई होती. आम्ही ताईंना हे सगळे जसेच्या तसे सांगितले. काही झाकले नाही.

ताई म्हणाल्या, "आई कुटं लिवलंय?"

आम्ही बोट ठेवले. ताईंनी तो शब्द लावला. 'आ-ई.' मग पुढचा. 'क-ळ-शी.' चार ओळी वाचायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. ओळी अशा होत्या :

चार वाजता नळाची धार,
आईच्या कमरेला कळशीचा भार,
दहा बाय दहात माणसं चार,
सांग, कशाला म्हणू घरदार?

आमची चूक

येथे आमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही शाळेत शिकवीत होतो. वर्गात एक मुलगा सदा बाकावर बोटांनी ताल धरी. आम्ही दोनदा बजावले. तिसऱ्यांदा त्याची वही तपासली. गणिताच्या मागच्या पानांवर गाणी लिहिलेली होती. आम्ही ती पाने सर्वांदेखत फाडली. मुलगा रडला नाही. ताल मात्र बंद झाला, आणि पुढच्या वर्षी तो शाळेत आलाच नाही. त्या पानांत काय होते, ते आम्ही वाचलेसुद्धा नव्हते.

म्हणून या वेळी आम्ही ठरवले की आधी समजून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी मुलगा घरी आला तेव्हा आम्ही त्याला बोलावले. तो दारातच उभा राहिला. त्याला वाटले, गुरुजी आता शिकवण देणार. आम्ही म्हणालो, "बस. हे गाणे काय आहे ते आम्हाला शिकव."

हे गाणे आले कोठून?

या गाण्याला रॅप म्हणतात. यात सूर थोडा आणि बोलणे फार. तालावर, यमक जुळवून, भरभर बोलायचे. रॅप हा हिप-हॉप नावाच्या मोठ्या चळवळीचा एक भाग. तिचे चार भाग मानतात : तबकड्या वाजवणारा डीजे, बोलणारा एमसी, जमिनीवर गिरक्या घेणारा नाच आणि भिंतीवरची रंगीत अक्षरे.

हिप-हॉपचा जन्म अमेरिकेत झाला. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात गरीब काळे लोक आणि बाहेरच्या बेटांवरून आलेले लोक राहत. भागातून मोठा हमरस्ता काढला तेव्हा हजारो कुटुंबांची घरे गेली. पुढे कितीतरी इमारती जळाल्या, ओस पडल्या. अशा ठिकाणी ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका इमारतीच्या सभागृहात मुलांचा मेळा भरला. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने तो भरवला होता. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट असे तिकीट होते. हा खटाटोप कशासाठी? शाळा सुरू व्हायची होती आणि सिंडीला नवे कपडे घ्यायचे होते. पाहा, तेथेही गोष्ट कपड्यांपासूनच निघाली!

तबकड्या वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. त्याला डीजे कूल हर्क म्हणत. तो मूळचा जमैका बेटाचा, वय १८. त्याने एक गोष्ट हेरली होती. तबकडीवर गाणे थांबून नुसता ढोल वाजतो, त्या तुकड्याला मुले बेभान नाचतात. पण तो तुकडा चटकन संपतो. मग हर्कने युक्ती काढली. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावायच्या. एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवरचा सुरू करायचा. तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची. असा तो ताल हवा तेवढा लांबवता येऊ लागला. त्या तालावर कोणी बोलू लागला. हाच रॅप.

१९७९ साली रॅपचे पहिले मोठे गाजलेले गाणे निघाले. १९८२ साली ग्रँडमास्टर फ्लॅशच्या मंडळीने 'द मेसेज' हे गाणे काढले. त्यात गरीब वस्तीतले हाल सांगितले होते. २०१८ साली केंड्रिक लामार या रॅपरला पुलित्झर पारितोषिक मिळाले. २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये हिप-हॉपचा नाचही होता.

आपल्या गल्लीत

मुलगा सांगू लागला तेव्हा त्याचे डोळे चमकू लागले. त्याचा आवडता गवई नेझी. खरे नाव नावेद शेख, तो कुर्ल्याचाच. २०१४ साली त्याने 'आफत' हे गाणे साध्या आयपॅडवर तयार केले आणि त्याचे चित्रीकरणही त्याच यंत्रावर केले. दुसरा डिव्हाइन, म्हणजे विवियन फर्नांडिस. तो अंधेरीचा. या दोघांनी २०१५ साली 'मेरे गली में' हे गाणे केले. त्या दोघांवरून सुचलेला झोया अख्तर यांचा 'गली बॉय' हा चित्रपट २०१९ साली आला. पुण्याच्या वस्तीतून एमसी स्टॅन आला. स्वदेशी नावाच्या मुंबईच्या मंडळीने २०१९ साली वारली लोकांच्या लढ्यावर गाणे केले. त्यात आरेचे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचाही आवाज आहे.

"आपल्या भाषेत, आपल्या गल्लीचं बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं गुरुजी," मुलगा म्हणाला. "आधी वाटायचं, गाणं म्हणजे बागेतलं आणि बर्फातलं."

आम्हाला अण्णाभाऊ साठे आठवले. शाळा त्यांना लाभली नाही. घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीत राहून त्यांनी लिहिले व डफावर गाइले. कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब आठवले. रॅप काही आपल्या शाहिरीतून निघालेला नाही. पण लोकांपुढे उभे राहून आपले दुःख तालात सांगणे, हे आपल्याला परके नाही. ताई तर पटकन म्हणाल्या, "माजी आजी जात्यावर ओव्या म्हनायची. त्यात सासूला बरोबर टोले हाणायची!"

मुलाचा दिवस

वाया गेलेल्या या मुलाचा दिवस कसा जातो, तेही आम्ही विचारले.

पहाटे ४ वाजता नळाला पाणी येते. तो पिंप भरतो. सव्वाआठची लोकल पकडतो. मोबाइलवरून मागवलेल्या मालाच्या गोदामात तो पार्सले निवडतो. नऊ तास उभ्याचे काम. पगार १३,००० रुपये. त्यातले ९,००० आईच्या हातात. गाडीत एका हाताने कडी धरून तो मनात यमके जुळवतो. लोकांना वाटते, हा पुटपुटतो.

संध्याकाळी पुलाखाली पाचसहा मुले गोल करून उभी राहतात. त्या गोलाला ती सायफर म्हणतात. एक जण तोंडाने ढोल वाजवतो. बाकीची पाळीपाळीने बोलतात. अडखळला त्याची पाळी गेली. रात्री सगळे निजले की तो गॅलरीच्या दिव्याखाली बसून लिहितो.

कपड्यांचेही त्याने सांगितले. ढगळ कपड्यांत नाचताना हातपाय मोकळे राहतात. बुटांची आवडही अमेरिकेतूनच आली. १९८६ साली रन-डीएमसी या मंडळीने एका कंपनीच्या बुटांवरच गाणे केले. ते लोक बुटांना नाडी बांधत नसत. मग जगभरच्या पोरांनी तेच केले. गळ्यातली साखळी? ती लोखंडाची, ८० रुपयांची.

"आणि बूट?" आम्ही विचारले.

तो खाली बघू लागला. "गोदामात दिवसभर पार्सलावर दुसऱ्यांची नावं वाचतो, गुरुजी. एकदा वाटलं, आपल्या नावाचं पण काहीतरी यावं."

ताल मोजून पाहा

त्याने आम्हाला मोजणीही शिकवली. आता तुम्हीही करा. उजव्या हाताने मांडीवर चार ठोके द्या : एक, दोन, तीन, चार. असे चार ठोके म्हणजे एक बार. असे सोळा बार झाले की बहुधा एक कडवे होते. आता वरची पहिली ओळ म्हणा :

चार वाजता नळाची धार

ठळक अक्षरावर ठोका पडला पाहिजे. चुकला तर पुन्हा म्हणा. म्हणता म्हणता वाचनही सुधारते. आमच्या वर्गात हा धडा लोकांनी हसत हसत वाचला.

ताईंनी काय ठरवले

आमचे मत विचाराल तर या गाण्यांत सगळेच चांगले नाही. काहींत बंदुकीची फुशारकी असते, काहींत बायकांना हलके बोललेले असते. ते ऐकून पोरे तसे लिहू पाहतात. आम्ही हे मुलाला तोंडावर सांगितले. तो म्हणाला, "सगळे लिहितात." आम्ही म्हणालो, "मग तू कशाला लिहितोस?" तो गप्प झाला.

निवाडा मात्र ताईंनीच केला. वही मुलाच्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "शिवी ठेवायची का खोडायची ते तुजं तू बघ. पन बंदूक खोड. आपल्या घरात बंदूक न्हाई. खोटं कशाला लिवतो?"

मुलाने ते पान खोडले. दोन शिव्या खोडल्या. तिसरी ठेवली. ती पाण्याच्या टँकरवाल्याला होती. ताई त्यावर काही बोलल्या नाहीत.

बुटांचे पैसे फिटेपर्यंत बहिणीच्या फीपैकी दरमहा ५०० रुपये तो देणार, असे ठरले. दोन महिने दिले आहेत. बाप अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. पण पहाटे ड्यूटीवरून आला की वहीकडे बघतो, आणि हात लावीत नाही.

राहिली इंग्रजी लिपीतली पाने. ताईंनी मुलाला विचारले, "ह्यात काय लपवलंय?" तो म्हणाला, "काही नाही, मोबाइलवर तसंच लिहायची सवय." आता तो ती पाने देवनागरीत उतरवून काढतो आहे. दर रविवारी एक पान. ताई ते वर्गात घेऊन येतात. परवा त्या 'स्वप्न' या शब्दापाशी अडल्या. आधा स, मग व, मग प, की कसे? पाटीवर तीनदा लिहिला तेव्हा जमला.

सांगा पाहू

१. बापाने वहीचे एकच पान पाहिले. तुम्ही असे कधी केले आहे काय?

२. सिंडीने मेळा कशासाठी भरवला होता?

३. बुटांचे पैसे खर्च केले यात मुलाची चूक होती काय? दोन्ही बाजू सांगा.

४. तुमच्या आजीची एखादी ओवी आठवून वहीत लिहा. तिला ताल धरून पाहा.

५. घरातल्या तरुण मुलाला वा मुलीला विचारा, "तू काय ऐकतोस? काय ऐकतेस?" उत्तर पुरते ऐका. मग पाच ओळी लिहून आणा.