असन्निधानातील आचार्यवचन

आचार्यांचा देह पडल्यावर शिष्याला त्यांचे मार्गदर्शन मिळत राहते काय, हा प्रश्न मार्गात नवा नाही. एखाद्या वृद्ध महंतांचा निक्षेप होतो. ज्या वासनिकाने वीस वर्षे प्रत्येक अडचणीत त्यांच्याकडे धाव घेतलेली असते, तो काही दिवसांनी दुसऱ्या भिक्षुकास विचारतो, “बाबा आता माझे ऐकत असतील का?” विचारणाऱ्याचे डोळे भरलेले असतात, म्हणून उत्तर देणारा बहुधा ‘होय’ म्हणून मोकळा होतो. करुणेपोटी दिलेले हे उत्तर शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. आणि पुढे त्यातून जे उपजते ते त्या वासनिकाच्याच हिताआड येते.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. श्रीचक्रधरस्वामींचे उत्तरापंथे गमन आणि एखाद्या आचार्यांचा देहपात यांस एका मापाने मोजता येत नाही. स्वामी परमेश्वरावतार, त्यांच्या ठायी मरण ही भाषाच लागू नाही. गमनाने भक्तांचे सन्निधान सरले, एवढेच म्हणता येते. आचार्य कितीही थोर असोत, ते जीवच होत. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ अनादी आणि परस्परांहून भिन्न आहेत, हा सिद्धान्त मान्य केल्यावर देहत्यागानंतर जीव देवता होतो वा परमेश्वर होतो, असे म्हणावयास जागाच उरत नाही. मुक्त झाला तरी जीव जीवच राहतो. मग गेलेले आचार्य अदृश्यपणे शिष्यांचा सांभाळ करतात, नवसाला पावतात, संकटे वारतात, अशी समजूत कशाच्या आधारावर उभी राहते? शब्द गुरुभक्तीचे असले तरी तो व्यवहार देवतोपासनेचाच होय. ज्या मार्गाने देवताभक्तीचा निषेध इतक्या स्पष्टपणे केला, त्याच मार्गातील माणसाने गुरूच्या नावे एक नवी देवता उभी करावी, हे विपरीत आहे.

येथे शिष्य म्हणेल, तर मग सारे संपले काय? तसे नाही. आचार्य देहात असताना तरी ते शिष्याला काय देत होते, याचा विचार केला म्हणजे उत्तर हाती लागते. ज्ञान आणि प्रेम यांचे दातृत्व परमेश्वराचे. आचार्य हे निमित्त. परमेश्वराचे वचन ते ठेवीसारखे सांभाळतात आणि अधिकार पाहून निरूपितात. ठेव सांभाळणारा गेला म्हणून ठेव जात नाही.

या बाबतीत सर्वांत मोठा दाखला खुद्द नागदेवाचार्यांचा आहे. स्वामींचे गमन शके ११९४ की ११९६ (इ.स. १२७२ की १२७४), याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण त्या वियोगाने भटोबासांची काय अवस्था झाली, याविषयी परंपरेत मतभेद नाही. त्यांच्याइतका सन्निधानाचा वियोग दुसऱ्या कोणास जाणवला असेल? पुढे महदाइसादी भक्तांसह ते रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. श्रीप्रभूही गेले, आणि मार्गाची धुरा भटोबासांवर आली. या सर्व काळात त्यांनी ‘स्वामींनी रात्री येऊन मला असे सांगितले’ असा आधार घेऊन मार्ग चालविला नाही. ते एकान्ती लीळा आठवीत. स्वामी कोठे बसले, काय बोलले, कोणास कसे वारले, याचे ते स्मरण असे. म्हाइंभटांना त्या स्मरणाचे मोल उमगले, आणि त्यातूनच लीळाचरित्र सिद्ध झाले.

म्हाइंभटांची रीतही या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते, त्यांच्याकडे जाऊन त्यांनी लीळा मिळविल्या आणि भटोबासांकडून तपासून घेतल्या. जेथे दोघांचे सांगणे जुळले नाही, तेथे तो भेदही नोंदीत राहू दिला. वचनात आपल्या पदरचा शब्द मिसळू नये, ही एवढी धास्ती! आज एखाद्या आश्रमात महंत गेल्यावर तिसऱ्याच दिवशी ‘बाबांची इच्छा अशी होती’ म्हणून चार जण चार इच्छा सांगतात, आणि प्रत्येकीत सांगणाऱ्याची सोय बरोबर बसलेली असते, तेव्हा म्हाइंभटांची ही धास्ती आठवावी.

स्वप्नदृष्टान्ताचे प्रकरण याच जातीचे. गेलेले आचार्य स्वप्नात दिसणे स्वाभाविक आहे. ज्याचा ध्यास त्याचे स्वप्न. त्याने मन हळवे झाले तर त्यात दोष नाही. परंतु स्वप्नास आज्ञेचे स्थान देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा. स्वप्नातील सांगणे शास्त्राशी आणि आचार्यांच्या हयातीतील निरूपणाशी जुळते की नाही? जुळत असेल तर ते वचन पूर्वीच हाती होते, स्वप्नाची गरज नव्हती. जुळत नसेल तर ते आचार्यांचे नव्हे.

असन्निधानी साधकाने कशाचा आश्रय करावा, हे मार्गात उघडच सांगितले आहे: स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. त्यातील स्थान आणि प्रसाद यांस नमन घडते ते परमेश्वराच्या संबंधामुळे. ओट्यावर डोके ठेवणारा दगडाकडे काही मागत नाही. येथे स्वामींचे आसन झाले होते, हे तो आठवितो. आचार्यांच्या निक्षेपस्थानी जाणाऱ्याने हा भेद मनात वागवावा. तेथे कृतज्ञतेने उभे राहणे निराळे आणि मुलाच्या नोकरीसाठी मागणे घालणे निराळे.

चारांपैकी उरलेले दोन, भिक्षुक आणि वासनिक, हे जिवंत माणसे आहेत, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. वस्तुतः शिष्याच्या खऱ्या हानीवर उपाय येथेच आहे. हानी खरी आहे, ती नाकारू नये. पोथी प्रश्नाचे उत्तर देते. पण विचारणाऱ्याचा चेहरा पाहून, याला आज कठोर शब्द हवा की मऊ, हे ती ठरवीत नाही. आचार्य ते ठरवीत असत. केशोबासांना संस्कृत रचनेपासून भटोबासांनी वारले ते मार्गातील साध्या म्हाताऱ्या बायांची आठवण ठेवून. समोर बसलेल्या श्रोत्यावरची ही नजर ग्रंथात उतरविता येत नाही. ती माणसाकडून माणसाकडे जाते. भटोबासांनंतर बाइदेवबास, त्यांच्यानंतर कवीश्वरबास, आणि पुढे आम्नायांची परंपरा झाली ती याचसाठी. आम्नायाला आचार्यांचे नाव राहिले. परंतु उपाध्य वा कवीश्वर आम्नायाचा अभ्यासक त्या आचार्यांना हाक मारीत नाही, तर त्यांच्या निरूपणाच्या वाटेने सूत्र उलगडतो.

पुष्कळदा शिष्य म्हणतो, “बाबांसारखे आता कोणी नाही,” आणि एवढ्या कारणावरून निरूपणास जाणे सोडतो. हा दुखावलेपणा समजण्यासारखा आहे. पण त्यात बाबांनी दिलेले सोडून बाबांची मूर्ती तेवढी धरली जाते. ज्यांनी हयातभर ‘माझ्याकडे पाहू नका, वचनाकडे पहा’ असे सांगितले, त्यांच्या मागे हेच घडावे! पुढचा भिक्षुक वयाने लहान असेल, त्याची वाणी अडखळत असेल, दृष्टान्त मध्येच विसरत असेल. त्याच्या मुखी तीच सूत्रे असतील तर वासनिकाने समोर बसावे, अडलेला प्रश्न त्याला विचारावा, आणि पूर्वीच्या बाबांनी त्याच सूत्रावर जे सांगितले होते ते आठवत असल्यास, त्याला सांगून टाकावे.